माळावरचा अबोला

१३ नोव्हेंबर १८९९, सोमवार

मिशनच्या मडमबाई मायदेशी रजेवर जाताना ही वही देऊन गेल्या. रोज किती घरी गेलीस, किती बायकांना पवित्र शास्त्र सांगितलंस आणि त्या काय म्हणाल्या, ते प्रामाणिकपणे लिहीत जा, असं त्यांनी बजावलं होतं. प्रामाणिकपणे लिहायचं तर आज एकाही घरी गेले नाही. कोल्हापुरात घरं जागच्या जागी आहेत, माणसं नाहीत. प्लेगमुळे दरबारच्या हुकमानं सगळं शहर उठून बाहेर माळावर छपरं घालून राहिलं आहे. आत ऊन पडावं म्हणून घरांची कौलं काढून ठेवली आहेत. सध्या शहरात ऊन आणि उंदीर एवढेच राहतात.

माझं छप्पर आम्हा ख्रिस्ती लोकांच्या ओळीत शेवटचं. पुढं मुसलमानांची ओळ लागते. शेजारी मौला कल्हईवाला आणि त्याची बायको कुलसुम. त्यांची एक शेळी आहे. ती त्यांच्या आणि माझ्या छपरात सारख्याच हक्कानं फिरते.

हे गेल्या महिन्यात गेले. मिशनच्या दवाखान्यात औषधं देण्याचं काम होतं. गाठ आलेल्यांच्या घरी जाऊ नका म्हटलं होतं, तरी जात राहिले आणि मग त्यांनाच गाठ आली. तेव्हा मी देवाकडे एकच गोष्ट मागितली. मी काही ऊठसूट मागणारी बाई नाही. मागच्या मोठ्या दुष्काळात आईबाप गेले, मिशनच्या अनाथ पोरींत वाढले, पण मागण्याची सवय लावून घेतली नाही. हे पहिलंच मोठं मागणं होतं आणि ते त्यानं दिलं नाही.

तेव्हापासून मी देवाशी बोलत नाही. काम सगळं करते. आजाऱ्यांकडे जाते, बायकांना वाचायला शिकवते, रविवारी उपासनेला बसते. बायका नवऱ्याशी अबोला धरतात तेव्हा भाकरी थापायच्या थोड्याच थांबवतात? ताट वाढायचं, तोंड उघडायचं नाही. तसंच हे चाललं आहे.

१६ नोव्हेंबर

आजाऱ्याच्या छपरात गेलं की शेवटी प्रार्थना करावी लागते. त्यावर मी तोड काढली आहे. धोंडुबाईला बरोबर नेते. ती आमच्याच ओळीतली, नुकता बाप्तिस्मा घेतलेली बाई. तिला प्रार्थना सुरू करता येते, थांबवता येत नाही. आज आजाऱ्यापासून सुरुवात करून ती त्याच्या म्हशीपर्यंत आली, तिथून महाराजांपर्यंत आणि तिथून विलायतेच्या राणीसरकारपर्यंत गेली. तेवढ्यात आजाऱ्याला झोप लागली. प्रार्थना फळली असं तिचं म्हणणं आहे.

परत येताना मी तिला म्हटलं, "संध्याकाळी प्रार्थनेला बसशील तेव्हा त्याला सांग, पलीकडच्या म्हातारीला पांघरूण नाही. मी सांगितलं म्हणून सांगू नको."

"मंग कुनी सांगिटलं म्हनू?"

"कुणाचंच नाव घेऊ नको."

"त्याला ठाव असतंय की वो सगळं."

"ठाऊक असेल तर सांगूच नको," असं म्हणून मी विषय संपवला.

१९ नोव्हेंबर, रविवार

चिंचेखाली उपासना झाली. पाळकांनी स्त्रियांच्या वतीनं प्रार्थना करायला मला उठवलं. घसा बसलाय म्हटलं. पाळक वयस्कर आणि भले आहेत. घशाला ज्येष्ठमध चांगलं म्हणाले.

गीतांच्या वेळी मात्र अडचण आली. गाणं म्हणजे बोलणं धरायचं की नाही? घरात अबोला असला तरी बायका जात्यावर ओव्या म्हणतातच, आणि ज्याला ऐकू जायच्या त्याला त्या बरोबर ऐकू जातात. शेवटी मी नुसते ओठ हलवले.

शुभवर्तमानातली मार्था आज वाचनात आली. नेमकी आजच आली. मिशनमध्ये माझं नाव तिच्यावरूनच ठेवलं. तिचा भाऊ मेला तेव्हा प्रभू उशिरा पोचला, तर तिनं त्याला वाटेतच गाठून तोंडावर सुनावलं की तू असतास तर हे झालं नसतं. तिला निदान समोर तरी सापडला. आणि भाऊही परत मिळाला. ह्यांना तिथं चिंचेपलीकडे पुरून महिना होऊन गेला आहे.

२३ नोव्हेंबर

दुपारी एक म्हातारी डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन ओळीत शिरली आणि मोठमोठ्यानं विचारू लागली, "बाळासोचं छप्पर कंचं?"

ओळीत कुणालाच बाळासो माहीत नव्हता. मला माहीत होता. ह्यांचं बाप्तिस्म्याआधीचं ते नाव. बाप्तिस्म्याचं नाव वेगळं. मी दोन्ही नावं घेत नाही.

ही सासू. बनाबाई. सात वर्षांपूर्वी लग्न झाल्यावर आम्ही दोघं शाहूवाडीकडे त्यांच्या गावी पाया पडायला गेलो होतो, तेव्हा त्यांनी दाराला आतून कडी घातली होती. घर शेतकऱ्याचं, भाताची खाचरं, मानपान. मुलगा ख्रिस्ती झाला आणि सून आणली ती दुष्काळातली, जिची जात मिशनलाही ठाऊक नाही. मी दाराच्या फटीतून त्यांचा एक डोळा पाहिला होता. आज तोच डोळा ओळखला.

कुलसुम पुढं झाली. "कोन पावनं?"

"आई हाय मी त्याची. लई आजारी हाय म्हनून सांगावा आला."

तो निरोप मी ह्यांना ताप आला त्या दिवशी एका गाडीवाल्याबरोबर पाठवला होता. गाडीवाला आधी पेठ वडगावचा बाजार करायला गेला, मग मेहुण्याकडे राहिला, मग शाहूवाडीकडे गेला. त्याला घाई नव्हती.

कुलसुम म्हणाली, "मावशी, आदी बसा."

बसा म्हटल्यावर म्हातारीला कळलं. ती रडली नाही. गाठोडंही उतरवलं नाही. ते घ्यायला मी हात पुढं केला तर मागं सरली.

२४ नोव्हेंबर

सासूबाई पहाटेच गावी परत निघून गेल्या. माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. बरंच झालं. मलाही बोलायचं नव्हतं.

वाटेला भाकरी बांधून दिली होती. ती त्यांनी शेळीला घातली.

२९ नोव्हेंबर

सासूबाई परत आल्या. गावानं वेशीवर काटेरी फांद्या टाकून वाट बंद केली आहे. कोल्हापूरहून आलेल्याला आत घेत नाहीत, मग तो आपल्या गावचा का असेना. सख्ख्या दिरानंच पलीकडून ओरडून सांगितलं, आल्या वाटंनं माघारी जावा.

इथं येऊन त्या सरळ माझ्या छपरात शिरल्या. गाठोडं कोपऱ्यात टाकलं आणि शेळीकडे बघून म्हणाल्या, "लेकाचं छप्पर हाय. कुनाच्या बाच्यात हिंमत असंल तर काडावं मला भाईर."

शेळीनं काही म्हटलं नाही. मीही नाही.

२ डिसेंबर

एका छपरात दोन चुली मांडल्या आहेत. माझ्या हातचं त्या खात नाहीत. पाणीही स्वतः आणतात. मी जोंधळ्याची भाकरी करते, त्या भात शिजवतात. दोन्हीचा धूर मात्र एकत्र होतो आणि दोघींच्या डोळ्यांत जातो.

बोलायचं असलं की त्या शेळीशी बोलतात.

"कुनाला इचारावं बाई, मीठ कुटं ठिवलंय."

मग मीही शेळीला सांगते, "फळीवर आहे, लाल मडक्यात."

"मातीचं मडकं हाय का चिनीचं?"

"मातीचं."

कुलसुम दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "आवो बाई, माज्या शेळीला कशाला मदी घालतासा? दूध आटलं तिचं हे ऐकून ऐकून."

माझं असं झालं आहे की एका छपरात मी दोघांशी बोलत नाही. एकीला शेळी पुरते, दुसऱ्याला धोंडुबाई.

३ डिसेंबर, रविवार

आज सासूबाईंनी शेळीला विचारलं, "त्याला कुटं ठिवलाय?"

मी कुलसुमला सांगितलं, कुलसुमनं त्यांना सांगितलं आणि आम्ही तिघी गेलो. कबर चिंचेपलीकडे आहे. त्या वेळी खांदा द्यायला माणसं मिळेनात. पाळक, मौला आणि मी अशा तिघांनी ह्यांना नेलं. खड्डा मौलानं खणला.

सासूबाईंनी खाली बसून कबरीवरची माती हातानं सारखी केली. मग कुलसुमला म्हणाल्या, "आग्नी न्हाई दिला. दहावं न्हाई, पिंडाला कावळा न्हाई. मंग त्यो गेला कुटं?"

कुलसुमनं माझ्याकडे पाहिलं. ह्या प्रश्नाचं उत्तर देण्याचंच मला मिशनकडून काम आहे. ते मी रोज कुठल्या ना कुठल्या छपरात देते. तेच इथं दिलं. म्हटलं, "देवाजवळ आहेत. तिथं दुखणं नाही, मरण नाही. आपणही जाऊ तेव्हा भेट होईल." धडा म्हणून दाखवावा तसं म्हटलं. आवाज स्थिर होता.

सासूबाईंनी कुलसुमला विचारलं, "कुनाच्या द्येवाजवळ? हिच्या?"

"व्हय. देव एकच असतोय की मावशी," कुलसुम म्हणाली.

"असंल. पर त्यो हिच्याकडनं गेला न्हवं."

परत येताना त्या काही बोलल्या नाहीत, शेळीशीसुद्धा.

इथं लिहून ठेवते. ह्यांना आईचं फार होतं. शाहूवाडीकडून कुणी बाजाराला आला की त्याला गाठायचे आणि त्याच्याबरोबर एकच विचारून पाठवायचे, आई जेवली का. सात वर्षांत एकदाही उत्तर आलं नाही. तरी पुढच्या बाजाराला पुन्हा माणूस गाठायचे. लाज कशी वाटत नाही, असं मी एकदा म्हटलं. तर म्हणाले, विचारायला काय जातंय?

१० डिसेंबर, रविवार

उपासनेला सासूबाई आल्या. आमच्याकडे पाठ करून चिंचेच्या पलीकडच्या अंगाला बसल्या. मी आले नाही, नुसती बसले आहे, असं त्यांना दाखवायचं होतं. मलाही तेच दाखवायचं असतं, पण मला समोर तोंड करून बसावं लागतं.

धोंडुबाईनं लांबलचक प्रार्थना केली. नंतर सासूबाईंनी तिला बाजूला घेऊन काही विचारलं. काय विचारलं म्हणून मी खोदलं तर धोंडुबाई म्हणाली, "तुमच्या द्येवाला नवस लागतोय का, इचारत हुत्या. लागत न्हाई म्हनलं. मंग काय लागतंय, म्हनल्या. नुस्तं बोलायचं, म्हनलं. तर म्हनल्या, वळख नसताना कसं बोलायचं?"

मी धोंडुबाईला म्हटलं, हे सगळं त्यांना समजावून सांगणं माझं काम आहे, तू लक्ष घालू नको. पण सांगितलं काहीच नाही.

१८ डिसेंबर

काल रात्रीपासून सासूबाईंना ताप आहे. सकाळी काखेत गाठ दिसली.

प्लेगच्या तपासणीवाल्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं. लपवून ओळीतल्या बाकीच्यांना धोक्यात घालणं ह्यांना आवडलं नसतं. तपासणीवाल्यांनी आमचं छप्पर ओळीतून उठवलं आणि लांब ओढ्याच्या अंगाला नेऊन घातलं. इकडे कुणी यायचं नाही, आम्ही तिकडे जायचं नाही. मधे एक सपाट दगड आहे. कुलसुम त्याच्यावर दूध ठेवून जाते आणि लांबून हाक मारते. शेळीला मात्र कुणी हुकूम वाचून दाखवलेला नाही. ती येते.

सासूबाईंना चूल पेटवता येत नाही आणि माझ्या हातचं त्या खात नाहीत. मी त्यांच्याच तांदळाची पेज केली, त्यांच्याच मडक्यात, त्यांच्याच चुलीवर. तोंडाजवळ नेली तर दात घट्ट मिटून घेतले.

ह्यांच्यापाशी मी अशीच बसले होते. फरक एवढाच की हे पेज पीत होते.

१९ डिसेंबर

खात नाहीत. पाणी ओठांना लावलं तेवढं आत गेलं असेल. ताप तसाच आहे.

मला ही बाई आवडत नाही. तिनं आमचं तोंड सात वर्षं पाहिलं नाही. तिचं काही झालं तर मला वाईट वाटायचं कारण नाही. तरी दिवसभर त्यांच्या उशापासून हलले नाही. त्यांच्या दंडावर ह्यांच्यासारखाच तीळ आहे, तो आज दिसला.

२० डिसेंबर

सकाळी त्यांना शुद्ध बरी होती. मी पेज ढवळत होते.

"ए पोरी."

मी शेळी कुठं आहे ते पाहिलं.

"तुलाच म्हनतोय. शेळी न्हाय हितं."

"काय, आत्याबाई?" मी म्हटलं. हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी वापरला.

"त्यो तुज्या द्येवाजवळ हाय म्हनलीस."

"म्हटलं होतं."

"खरं हाय, का मिशननं शिकिवलंय म्हनून?"

एवढ्या बायकांना मी शास्त्र सांगितलं, असं सरळ कुणी विचारलं नव्हतं. हे तिथं नाहीत असं एकदा मनात धरून पाहिलं. ते काही धरवेना.

"खरं आहे," म्हटलं.

"मंग तुज्या द्येवाला सांग, त्याला एवढं कळीव म्हनावं. आई आलीया म्हनावं. पार हितवर आलीया."

"तुम्हीच सांगा की. तो कुणाचंही ऐकतो."

"माजी वळख न्हाई. तुजी हाय."

मग मला सांगावंच लागलं. "माझा अबोला आहे त्याच्याशी."

पाळकांना हे कळलं असतं तर ते घाबरले असते. मडमबाई तिथंच गुडघ्यावर बसल्या असत्या. सासूबाईंनी नुसतं विचारलं, "कवाधरनं?"

"हे गेल्यापासून."

"म्या सात वरसं धरला हुता." त्या दमून थांबल्या. मग म्हणाल्या, "दर बाजाराला मानूस इचारायचा, बाळासोनं इचारलंय, आई जेवली का. म्या बोललो न्हाई. मला वाटायचं, फुडल्या बाजाराला सांगू."

एवढं बोलून त्यांनी तोंड कुडाकडे फिरवलं. पेज तशीच राहिली.

२१ डिसेंबर

सकाळी दगडावरचं दूध आणायला गेले. शेळी मागोमाग आली. छपराच्या मागं ओढ्याकडे कुणी नव्हतं.

मी असं ठरवलं होतं की अबोला मोडायचा नाही, नुसता निरोप पोचवायचा. निरोप दुसऱ्याचा असला तर अबोला मोडत नाही, हे घरोघरी चालतं. म्हणून मी शेळीला म्हटलं, "सांग त्याला, बनाबाईंचा निरोप आहे..."

शेळी ओढ्याकडे निघून गेली.

मी वर पाहिलं. कुणीच मधे नव्हतं. मग थेट तोंडानं म्हणावं लागलं, "देवा."

त्यानंतर निरोप सांगायचा होता, पण आधी दुसरंच बाहेर पडलं. मी एकच मागितलं होतं, ते का दिलं नाहीस? तुझंच काम करताना गेले, दुसऱ्या कुणाचं नाही, तुझंच. तुला माणसांचा एवढा तुटवडा आहे का? मला वाटेत गाठायला का आला नाहीस? मी इतके दिवस बोलत नव्हते, ते तुझ्या ध्यानात तरी आलं का? अजून बरंच होतं. कुलसुम नंतर म्हणाली, तिकडं ओळीपर्यंत ऐकू येत होतं आणि मौलाला वाटलं, ओढ्यावर कुणाशी पाण्यावरून भांडण लागलंय.

बोलून संपलं तेव्हा मी खाली बसले होते आणि दुधाचं भांडं कलंडलं होतं. मला फार रडू आलं. ह्यांना पुरताना आलं नव्हतं, ते सगळं तिथं आलं. उत्तर आलं नाही. पण ऐकून घेणारा कुणी समोर असला तर ते कळतं. पुढं बोलायला धीर येतो. ते मला कळलं. हे लिहायला संकोच वाटतो, पण प्रामाणिकपणे लिहायचं ठरलं आहे.

मग डोळे पुसून निरोप सांगितला. म्हटलं, ह्यांना एवढं कळव, आई आली आहे. पार इथवर आली आहे. मेलेल्यांना निरोप पाठवण्याची सोय आमच्या शिकवणीत नाही. पाळकांना विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते. विचारलं नाही. सांगायला काय जातंय?

छपरात आले. सासूबाई जाग्या होत्या.

"सांगिटलंस?"

"सांगितलं."

"काय म्हनला?"

ह्याची तयारी मी केली नव्हती. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. दाराच्या फटीतला तोच डोळा, पण आता दोन्ही होते. मी खोटं बोलत नाही. लहानपणी खोटं बोलले म्हणून मिशनमध्ये एकदा उपाशी ठेवलं होतं, तेव्हापासून बोलत नाही. पण हे दुसरं काय म्हणाले असते?

"विचारतात, आई जेवली का."

मग ती बाई रडली. आल्यापासून पहिल्यांदा, अंगात ताकद नव्हती तरी मोठ्यानं रडली. "आजून त्येच इचारतोय," म्हणाली. "त्याला दुसरं काय सुचत न्हाई बग."

थोड्या वेळानं म्हणाली, "आन ती पेज."

मी वाटी तोंडाला लावली. माझ्या हातानं प्यायली. अर्धी खाली सांडली, अर्धी पोटात गेली.

२३ डिसेंबर

गाठ फुटली. ती फुटली की काही माणसं जगतात, असं हे म्हणायचे. काही जगत नाहीत, असंही म्हणायचे. दिवसातून तीनदा पेज देते आहे. ताप अजून आहे.

सकाळी ओढ्यावर जाऊन त्याला सांगितलं की हिला ठेव. हे दुसरं मोठं मागणं. पहिल्याचा हिशेब अजून मिटलेला नाही, हेही सांगितलं. पण त्या कारणानं मागायचं थांबणार नाही.

२५ डिसेंबर, नाताळ

ताप उतरला. तपासणीवाला लांबून बघून गेला. म्हातारी चिवट आहे, असं तो म्हणाला.

दुपारी ओळीतली सगळी ख्रिस्ती माणसं दगडापर्यंत आली आणि पलीकडे उभं राहून त्यांनी नाताळाची गीतं म्हटली. प्लेगानं गेलेल्यांच्या जागा तशाच सोडून उभी होती, म्हणून रांग फार लांब दिसत होती. त्यात ह्यांचीही जागा होती. मी अलीकडून म्हटलं. ह्या वेळी आवाज काढून म्हटलं. पाळकांनी हात हलवून विचारलं, घसा बरा आहे का? मी बरा आहे म्हणून खूण केली. धोंडुबाईची प्रार्थना चालू असतानाच कुलसुम दगडावर शिरखुर्मा ठेवून गेली. सण कुणाचाही असो, ती तेच करते.

सासूबाईंसाठी आज त्यांच्याच तांदळाचा भात केला. चूल एकच पेटवली. त्या कुडाला टेकून बसल्या आणि सगळा भात संपवला.

"मीठ कमी हाय," म्हणाल्या. मला म्हणाल्या.

"उद्या जास्त घालते, आत्याबाई."

भांडं बाजूला सारून त्यांनी हात धुतले. मग म्हणाल्या, "पोरी, त्याला सांगावा धाड. जेवली म्हनावं. आई जेवली म्हनावं."

मी उठून ओढ्याकडे गेले आणि निरोप पोचवला. शेळी बरोबर आली होती, पण तिला काही सांगितलं नाही.